घर आपले, देखरेखही आपलीच!

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. म्हण खोटी नाही. पण ती ज्यांच्या तोंडून निघाली त्यांना निदान घर बांधण्याची मुभा होती! आमच्या वाडवडिलांना तीही नव्हती. अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हा गावाच्या लेखी अपराध. त्याची वस्ती गावाबाहेर, आणि तीही दक्षिणेला, कारण दक्षिण ही सर्वांत अशुभ दिशा. गावगाड्याचा हा दंडक खुद्द परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात नोंदवून ठेवला आहे. गावातल्या वाड्यांचे दगड आमच्या माणसांनी फोडले, चुना-मातीच्या पाट्या आमच्या आयाबायांनी वाहिल्या आणि त्यांच्या वाट्याला मात्र कुडाचे खोपटे आले.

आज चित्र बदलले आहे. शिक्षण, नोकरी आणि चळवळीने दिलेला ताठ कणा यांच्या बळावर वस्त्यावस्त्यांत पक्की घरे उभी राहिली आहेत. महाराष्ट्रात २००८ पासून अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आहे. सरकारी मदत, प्रॉव्हिडंट फंड, सोसायटीचे कर्ज, पोरीच्या नोकरीचा पहिला पगार असे सगळे गोळा करून माणसे घर बांधत आहेत. याचा आम्हाला आनंद आहे. पण वस्तीत फिरताना दुसरेही चित्र दिसते. दर्शनी भिंतीला चकचकीत फरशी, गच्चीला स्टीलचे कठडे, दाराला नक्षी. आत शिरावे तर भिंतीला कमरेपर्यंत ओल, कोपऱ्यात तिरपी गेलेली भेग आणि पावसाळ्यात स्लॅबखाली ठेवलेली बादली! कर्जाचे हप्ते अजून दहा वर्षे चालायचे आहेत आणि घर मात्र आताच म्हातारे झाले आहे.

याला नशीब म्हणायचे काय? आमच्या मते मुळीच नाही. पैसा कमी होता म्हणून अशी घरे बिघडलेली नाहीत. पैसा चुकीच्या जागी गेला म्हणून बिघडली आहेत. घराचा पैसा आधी जमिनीखाली आणि भिंतीच्या आत गेला पाहिजे. डोळ्यांना दिसणाऱ्या भागाची पाळी सर्वांत शेवटी. आणि तो जमिनीखाली नीट जातो की नाही हे पाहायला घरधन्याने, आणि त्याहून अधिक घरधनिणीने, जागेवर उभे राहिले पाहिजे.

‘आम्हाला त्यातले काय कळते?’ असे अनेकजण म्हणतात. बांधवांनो, कळते! बांधकामाच्या साइटवर बिगारी म्हणून, गवंडी म्हणून, सेंट्रिंगवाला म्हणून राबणाऱ्यांत आपले लोक किती आहेत ते पाहा. क्रांतिसूर्य महात्मा जोतिराव फुले हे स्वतः बांधकामाच्या धंद्यातले होते. पुण्याजवळच्या खडकवासला धरणासाठी त्यांनी साहित्य पुरवले, कात्रजच्या बोगद्याचे आणि येरवड्याच्या पुलाचे काम केले. चुना, दगड, मजुरांचा रोज, अधिकाऱ्यांची टक्केवारी हे सगळे त्यांनी जवळून पाहिले होते. तेव्हा बांधकामाचे ज्ञान हे काही कुणाच्या वडिलोपार्जित पोथीत बंद नाही. ते विचारल्याने आणि पाहिल्याने येते.

सुरुवात कागदापासून करावी. जागा कुणाच्या नावावर आहे? गावठाणातली असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नोंद आहे का? २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके दिली जात आहेत. आपल्या गावाचे पत्रक निघाले असेल तर त्यावरचे नाव आणि क्षेत्र आजच तपासून घ्या. वडिलांच्या नावावरची जागा चार भावांची असेल तर पाया खणण्याआधी चौघांनी बसून लेखी वाटणी करावी. भिंती उभ्या राहिल्यावर झालेली भांडणे कोर्टात जातात आणि घर लिंटेलवर अडून राहते. नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करा. शहरात सदनिका घेणाऱ्यांनी ती एकट्या बाईच्या नावे घेतली तर रोख फायदाही आहे: महाराष्ट्रात २०२१ पासून केवळ महिलेच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.

मग घर किती मोठे? इथेच घरकुलाचे अनेक लाभार्थी फसतात. प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, आणि सपाट भागासाठी मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. तेही एकदम मिळत नाही. काम जसजसे वर येईल तसतसे हप्त्यांनी मिळते. पण पहिला हप्ता हातात पडला की उत्साहाच्या भरात सहाशे फुटांचा पाया खणला जातो. ‘एकदाच होते, मोठेच करू.’ सगळा पैसा पायात आणि जोत्यात संपतो. पुढचा हप्ता लिंटेलपर्यंत गेल्याशिवाय मिळत नाही, आणि लिंटेलपर्यंत जायला खिशात काही उरलेले नसते. मग सावकार किंवा दर आठवड्याला दारात उभी राहणारी बचत गटवाली फायनान्स कंपनी. त्यापेक्षा एक चांगली खोली, स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास एवढेच पक्के बांधा. पुढे जिकडे खोल्या वाढवायच्या असतील तिकडच्या तुळईतून आणि खांबातून सळ्या बाहेर काढून ठेवा आणि गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचे पातळ काँक्रीट चढवून झाका. जी घरे अशी टप्प्याटप्प्याने वाढली ती आज कर्जाशिवाय उभी आहेत. आणखी एक गोष्ट: एप्रिल २०२५ च्या राज्याच्या वाळू धोरणात घरकुल लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आहे. ती आपोआप दारात येत नाही. तहसीलमध्ये जाऊन मागावी लागते, आणि एकट्याने मागण्यापेक्षा वस्तीतल्या दहा लाभार्थ्यांनी एका अर्जाने मागितलेली बरी.

आता पाया. आमच्या वस्त्या गावाच्या कुठल्या अंगाला आहेत ते आठवून पाहा. बहुतेक ठिकाणी उताराकडे, नाल्याच्या काठाला, गावाचे सांडपाणी जिकडे वाहत येते तिकडे. हा काही योगायोग नव्हे. त्यात गावचा सिमेंट रस्ता दर काही वर्षांनी थरावर थर चढून उंच होतो आणि आपली घरे खड्ड्यात जातात. म्हणून जोते ठरवताना आजच्या रस्त्याकडे पाहू नका. रस्त्यापासून किमान दोन फूट वर आणि वस्तीत आजवर चढलेल्या सर्वांत मोठ्या पाण्याच्याही वर जोते घ्या. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाणी कुठवर आले होते ते त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतील. जोत्यावर भिंत सुरू करण्यापूर्वी ओल अडवणारा काँक्रीटचा थर, ज्याला गवंडी डीपीसी म्हणतात, तो घातलाच पाहिजे. कमरेपर्यंत चढणारी ओल बहुतेक वेळा या एका थराच्या अभावी चढते, आणि नंतर कितीही महागडा रंग लावला तरी ती रंगाला सोलून बाहेर येते.

मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगर या भागांत काळी माती आहे. ही माती पिकाला चांगली आणि घराला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घर तिच्यावर उभे असेल तर तेही दरवर्षी वर उचलले जाते आणि खाली बसते. कोपऱ्यातल्या तिरप्या भेगा इथून येतात. तेव्हा काळ्या मातीतून खाली मुरूम लागेपर्यंत खणावे. शेजारच्याने तीन फुटांवर थांबवले म्हणून आपणही थांबू नये; दहा पावलांवर मुरूम कमीअधिक खोल असतो. मुरूम फारच खोल असेल तर खाली फुगीर बुंधा असलेले काँक्रीटचे पाइल घालून त्यांच्यावर तुळई टाकण्याची पद्धत आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ती अशाच मातीसाठी विकसित केली. त्यासाठी मात्र इंजिनियरचा सल्ला घ्या. जोत्याच्या आत भरणीला खणून काढलेली काळी माती परत टाकू नका. ठेकेदाराला तेच सोपे पडते, म्हणून तो टाकतोच! मुरूम टाका, सहा-सहा इंचांचे थर करा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोका. शेवटी घराभोवती तीन फूट रुंदीची बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी करा, म्हणजे पागोळीचे पाणी पायाशी मुरणार नाही.

पाया आखताना काटकोन तपासायला कुणाची गरज नाही. एका बाजूला दोरीवर तीन फुटांची खूण, दुसरीला चार फुटांची. दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट आले की कोन काटकोन झाला. शाळेतला पोरगा हे करू शकतो, त्यालाच करू द्या.

भिंतींबद्दल बोलताना किल्लारीची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाने मारली असे आपण म्हणतो; मारले ते घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड नुसत्या मातीत बसवलेले. भिंतीचा आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवद, आणि त्यावर गळू नये म्हणून दरवर्षी टाकलेली नवी माती. हादरा बसताच भिंतीचे दोन थर फाकले आणि ते सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. गावच्या कडेला कुडाच्या, छपराच्या हलक्या घरात राहणारी गरीब माणसे त्या पहाटे बरीच वाचली. घर जाड असले म्हणजे मजबूत असते, हा समज तिथे गाडला गेला.

यातून घ्यायचे ते असे. दगडाची भिंत असेल तर दर दोन फूट उंचीवर आणि दर चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा दगड बसवा. वीट असो वा दगड, जोत्यावर, दाराखिडक्यांच्या वर आणि छपराखाली सगळ्या भिंतींवरून अखंड फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा टाका. नुसते दारावरच लिंटेल टाकून भागत नाही. पेटीला पट्टी आवळावी तसा तो पट्टा चारी भिंतींना एकत्र धरतो. चार सळ्या आणि थोड्या काँक्रीटचा खर्च; घराच्या एकूण खर्चात तो फार नाही. दर्शनी फरशीचा खर्च वाचवला तरी तो निघेल.

माल तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज आला पाहिजे. छातीइतक्या उंचीवरून वीट आडवी सोडा, चांगली वीट फुटत नाही. नखाने ओरखडा उमटू नये. तीन किलोची कोरडी वीट चोवीस तास पाण्यात ठेवून परत तोला. तीन किलो सहाशे ग्रॅमच्या वर गेली तर ती फार पाणी पिते, परत पाठवा. वाळू काचेच्या बरणीत अर्धी भरा, मीठ टाकलेले पाणी ओतून हलवा आणि तीन तास ठेवा. वर गाळाचा थर बसेल. तो वाळूच्या बारा-तेराव्या हिश्श्याहून जाड असेल तर वाळू धुतल्याशिवाय घेऊ नका. सिमेंटच्या गोणीवर कोणत्या वर्षी आणि कितव्या आठवड्यात भरली ते छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी स्वस्त मिळाली तरी नको. गोण्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचा.

आणि पाणी! आमच्या मते महाराष्ट्रातली निम्मी घरे पाण्याने बिघडतात: काँक्रीट कालवताना पाणी जास्त, आणि नंतर मारायचे तेव्हा कमी. काँक्रीट सैल असले की ओतायला सोपे जाते, म्हणून मजूर पाणी वाढवतो. त्याचा दोष नाही, त्याला दिवसात काम उरकायचे असते. पण जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे बारीक भोके ठेवते. त्या भोकांतून पुढे पाऊस आत येतो आणि सळई गंजते. स्लॅबच्या काँक्रीटला एका गोणीस पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरे, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. प्रमाण एक घमेले सिमेंट, दीड घमेले वाळू, तीन घमेली खडी. घमेली मोजायला घरातली एक बाई खुर्ची टाकून बसली की प्रमाण चुकत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. सळईखाली दगडाचा तुकडा न ठेवता सिमेंटचे ठोकळे ठेवा, नाहीतर सळई फळीला टेकते आणि काही वर्षांत स्लॅबचा खालचा पापुद्रा सुटतो. खांबातल्या रिंगांची टोके आतल्या बाजूला पूर्ण वळवलेली हवीत. नुसती काटकोनात वाकवलेली रिंग हादऱ्यात उघडते.

स्लॅब पडला की जेवणावळ होते आणि सगळे निघून जातात. खरे काम दुसऱ्या दिवसापासून असते. गच्चीवर मातीची आळी करून पाणी साठवून ठेवा. आज बाजारात मिळणारे सिमेंट बहुधा राख मिसळलेले पीपीसी असते. त्याला किमान दहा दिवस आणि उन्हाळ्यात चौदा दिवस ओले ठेवावे लागते. भिंतीला, खांबाला गोणपाट गुंडाळून तेवढेच दिवस भिजवावे. सेंट्रिंगवाला आठव्या दिवशी फळ्या मागायला येईल, कारण त्याला त्या दुसऱ्या कामावर न्यायच्या असतात. स्लॅबचे टेके चौदा दिवस आणि लांब तुळईखालचे एकवीस दिवस हलवू देऊ नका. भाडे चार दिवसांचे जास्त द्या, पण अडून बसा.

विटांचा खर्च कमी करायचा असेल तर आणखी एक वाट आहे. लॉरी बेकर या स्थापत्यकाराने केरळात गरिबांसाठी आयुष्यभर घरे बांधली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या, आत पोकळी ठेवायची, ही पद्धत त्यांनी रुजवली. नऊ इंची भिंतीला विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात, आणि पोकळीमुळे आत उन्हाळा कमी जाणवतो. वीट मात्र सरळ काठांची हवी आणि गवंडी शिकायला तयार हवा.

आता ज्याचा आम्हाला मनस्वी संताप येतो त्या विषयाकडे वळतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आमच्या लोकांच्या घरी वास्तुशास्त्रवाला पायरी चढतो! दार दक्षिणेला आहे म्हणून बांधलेले दार फोडून दुसरीकडे करणारे लोक आमच्यात निघाले आहेत. बंधूंनो, ज्या दक्षिणेला अशुभ ठरवून तुमच्या आजोबांना तिथे टाकले, त्याच दक्षिणेला तुम्ही आज पैसे मोजून घाबरता? दिशा बघायच्याच असतील तर ऊन, वारा आणि पाऊस यांच्या बघा. आपल्याकडे पावसाळ्यात पाऊस पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून झोडपतो, तेव्हा त्या भिंतींना छज्जे रुंद ठेवा. दुपारचे ऊन पश्चिमेच्या भिंतीला तापवते आणि ती भिंत रात्रभर आत उष्णता सोडते. तिकडे न्हाणी, संडास, जिना घ्या, किंवा लिंबाचे झाड लावा. खिडक्या समोरासमोर ठेवा, म्हणजे वारा आत येईल आणि बाहेरही जाईल. एकाच भिंतीला दोन मोठ्या खिडक्या केल्या तर घर छान दिसेल, हवा मात्र खेळणार नाही. पत्र्याचे छप्पर असेल किंवा स्लॅब फार तापत असेल तर उन्हाळ्यापूर्वी वरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. याला कोणत्याही पंडिताची दक्षिणा लागत नाही.

संडास घराचे सर्वांत दुर्लक्षित काम. आमच्या समाजाने तरी ते सर्वांत काळजीपूर्वक करावे, कारण संडासाच्या टाकीत कुणाला उतरवले जाते हे आम्हाला कुणी सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला काढायला आणि सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला बंदी आहे, तरीही बातम्या येतच राहतात. गावात जागा असेल तर सेप्टिक टँक नकोच. दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा. प्रत्येक खड्डा साधारण एक मीटर रुंद आणि त्याहून थोडा खोल, कडेला भोके ठेवून रचलेल्या विटा, तळ मोकळा. एका वेळी एकच खड्डा वापरायचा, दुसऱ्याचे तोंड चेंबरमध्ये बंद. पहिला भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा. दीड-दोन वर्षांनी पहिल्यातला मैला कोरडे, वास नसलेले खत झालेला असतो आणि फावड्याने घरचाच माणूस तो काढू शकतो. वायू मातीत मुरतो, म्हणून वर पाइपही लागत नाही. न्हाणीचे पाणी यात सोडू नका. विहीर किंवा हातपंप किमान दहा मीटर लांब हवा. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते, तिथे खड्डा मोठा घेऊन भोवती वाळूचे जाड वेष्टन द्या.

ज्यांचे घर आधीच आहे आणि दुरुस्ती करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. भेगेत सिमेंट भरण्यापूर्वी ती जिवंत आहे का ते पाहा: भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. पावसाळा आणि उन्हाळा गेल्यावर काच शाबूत असेल तर भेग बुजवा. तडकली असेल तर रोग पायात आहे. ओल दिसली की आधी पाणी कुठून येते ते शोधा, रंगवाला मागाहून. स्लॅबला खालून हातोडीने हलके ठोका. पोकळ आवाज आला की तिथली सळई गंजली आहे. सुटलेला भाग काढून, सळई घासून, गंजरोधक लावून मगच गिलावा. जुन्या चार इंची भिंतींवर वरचा मजला चढवण्याचा मोह अनेकांना होतो, शहरातल्या वस्त्यांत तर फारच. खालचे खांब आणि पाया इंजिनियरने पाहिल्याशिवाय तो चढवू नका. जुने सिमेंटचे पत्रे काढताना फोडू नका, त्यांत अॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. पाणी मारून ओले करा आणि अख्खे उतरवा.

ठेकेदाराशी बोलणी तोंडी नकोत. दर चौरस फुटाचा, चौरस फूट कसा मोजणार, पाया धरून की वगळून, सेंट्रिंग कुणाचे, पाणी कोण मारणार, हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे काम झाल्यावर टप्प्याने द्या, आणि शेवटचा दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायचे आधीच ठरवा. पण ठरलेला टप्पा झाला की त्याच दिवशी पैसे द्या. गवंडी-बिगाऱ्यांची मजुरी थकवणारा आपला माणूस असला तरी तो शोषकच. आणि आपल्या कामावर नव्वद दिवस भरलेल्या मजुराला तसे प्रमाणपत्र द्यायला किंवा मिळवून द्यायला हात आखडू नका. त्याच्या आधारे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी होते.

घराचा नकाशा काढताना एक जागा आधी राखून ठेवा. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. कर्जबाजारी अवस्थेतही त्यांनी पुस्तकांना घर दिले. ज्या रमाईच्या नावाने आज घरकुल मिळते ती माउली परळच्या चाळीत वर्षानुवर्षे काढून त्या घरात आली आणि १९३५ साली तिथेच तिचा अंत झाला. स्वतःच्या घराचे सुख तिला फार थोडे मिळाले. आपल्या दोन खोल्यांच्या घरात ग्रंथालय होणार नाही. पण उत्तरेच्या खिडकीपाशी तीन फूट बाय दोन फुटांचा भिंतीतलाच कडाप्प्याचा ओटा, वर दोन फळ्या आणि एक दिव्याचे बटण एवढे होऊ शकते. भिंत उठतानाच सांगितले तर खर्च अगदी थोडा येतो. दिवाणखान्यात शोकेस आणि टीव्हीची भिंत आधी ठरते, आणि मुलगी परीक्षेच्या दिवसांत भांड्यांच्या आवाजात ओट्याखाली बसून अभ्यास करते, हे किती दिवस चालायचे?

घरभरणीला भन्तेजींना बोलवा, परित्राण पाठ करा, गोडधोड करा. पाचशे पानांची पंगत मात्र दारांना रंग दिल्यानंतर आणि उरलेल्या पैशातूनच. आणि पहिल्या पंगतीला गवंडी, बिगारी आणि सेंट्रिंगवाल्यांना बसवा.

शेवटी वेळेचे. पाया दिवाळीनंतर खणावा. त्याआधी काळी माती ओली आणि फुगलेली असते. भिंती डिसेंबर-जानेवारीत उठवल्या तर स्लॅब फेब्रुवारीत पडतो आणि भिजवायला विहिरीला पाणी असते. मार्चनंतर मराठवाड्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे स्लॅबवर आळी कशी भरणार? विटा आदल्या मे महिन्यातच घेऊन झाकून ठेवा, कारण पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात आणि दिवाळीला भाव चढलेला असतो. आणि कामाच्या पहिल्या दिवशी दोनशे लिटरचे दोन ड्रम जागेवर आणून भरून ठेवा. गवंडी त्यानंतर आला तरी चालेल.